टोप परत द्यायचा राहिला

लीलामावशी,

तुझा टोप आमच्याकडेच राहिला. मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला आहे. मी अभ्यासाला बसते तिथून तो सारखा दिसतो. आई दोनदा म्हणाली, उचलून फळीवर ठेव. मी ठेवला नाही. फळीवर ठेवला तर तो आमचा होईल असं वाटतं. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि टोप माझ्याकडे येऊन महिना होत आला. त्यातले पहिले नऊ दिवस तू तुझ्या खोलीत होतीस, पटांगणापलीकडे, हाकेच्या अंतरावर. त्या नऊ दिवसांत मी तो परत दिला असता तर तू आज असतीस का? एवढा एकच प्रश्न माझ्याजवळ आहे. बाकी काही सुचत नाही.

हे कोणाला सांगावं कळेना, म्हणून तुलाच लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं. तुझी गावची पत्रं मीच वाचून दाखवायचे. आता हेही मीच लिहायचं आणि मीच वाचायचं.

गिरण्यांच्या संपाला पाच-सहा महिने झाले होते तेव्हा तू पहिल्यांदा आमच्या दारात आलीस. आमची चाळ बौद्धांची, तुझी मालवण्यांची, मध्ये पटांगण. त्या पटांगणात पोरं एकत्र खेळायची, पुरुष एकाच भोंग्याला घरातून निघायचे, पण भांडं काही ते पटांगण ओलांडून जात-येत नव्हतं. असं कुणी ठरवलं होतं असंही नाही. फक्त येत नव्हतं.

"काय गो, घरात कोण आसा?" म्हणत तू उंबऱ्यापाशी उभी राहिलीस. "माका एक परात होयी. भाकरीचा पीठ मळूक."

आई बघतच राहिली. अख्ख्या डिलाईल रोडला तुझी खानावळ माहीत होती. मिलमधले वीस-बावीस गडी तुझ्याकडे जेवायचे. तुझ्या फळीवर पितळेची भांडी ओळीनं लावलेली असायची, प्रत्येकावर तुझं नाव घातलेलं. संप लागल्यावर गडी गावाला गेले, खानावळ बंद पडली, पण भांडी होती ना. जिच्या घरात चार पराती, ती आमच्याकडे परात मागते? आईनं काही विचारलं नाही. तिनं आमची परात मोरीत नेली, राखेनं तीनदा घासली, पदरानं पुसली आणि मग तुझ्या हातात दिली.  

चौथ्या दिवशी तू परात परत आणलीस. वर फडकं, फडक्याखाली तांदूळ. बाबांनी विचारलं, "तांदूळ कसले?"

"परात नेली होती तिनं," आई म्हणाली. "भांडं कुणी रिकामं परत देतं का?"

बाबा मिलच्या रिंग खात्यात होते. कुणाकडून फुकट मूठभर घ्यायचं नाही, असा त्यांचा कडक नियम. पण रिकामं भांडं परत देत नाहीत, हा त्याहून जुना नियम. त्यावर ते काय बोलणार? त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

ती तुझी पद्धत होती हे मला नंतर कळलं, तू मला जोडीला घेतलंस तेव्हा. का घेतलंस ते अजून मला नीटसं माहीत नाही. मी घरातली पहिली कॉलेजला जाणारी, माटुंग्याला. मला लिहिता-वाचता येतं, रेशन ऑफिसात फॉर्म भरता येतो, शाळेत जाऊन बाईंशी बोलता येतं, म्हणून असेल. तू म्हणालीस, "संपवाल्याच्या घरात संपवाल्याच्याच घरातला माणूस जाऊक होया. बाकीचे येतत, भाषण करतत, जातत." आणि जायचं नेहमी दोघींनी. "एक बोलाक, एक गप रवाक."

गप्प राहणारी मी.

ज्या घरात काही बिनसलंय, त्या घरात आपण कधी द्यायला म्हणून जायचो नाही. मागायला जायचो. एका घरी सुई मागितलीस. एका घरी विळी. एकीला म्हणालीस, तुझ्यासारखी रांगोळी माका येणा नाय, जरा शिकव. मागितलं की माणसाला आत बोलवावंच लागतं. मग तू तिथंच फतकल मारायचीस. बाई हळूहळू बोलायला लागायची. पोरगा शाळेत जात नाही, नवरा दारू प्यायला लागलाय, गावाहून दीर लिहितो की इथं येऊ नका, इथंही खायला नाही. तू कधी कुणाला म्हणाली नाहीस की सगळं नीट होईल. "माझ्याकडे पण असाच आसा गो," एवढंच म्हणायचीस. मला तेव्हा वाटायचं, ही समजूत घालण्याची रीत आहे. ते खरं होतं, हे मला कळलं नाही.

निघताना एखादं भांडं मागून आणायचं. दोन-चार दिवसांनी भरून परत द्यायचं.

सगळं समजल्यावर मी तुला विचारलं होतं, आठवतं? आपण लालबागहून चालत येत होतो. "मावशी, आमच्याकडे परात मागायला आलीस, तेही असंच?" तू हसलीस. "माका परात होयी होती." मी म्हटलं, "तुझ्याकडे चार होत्या." तू म्हणालीस, "पाचवी होयी होती." मी चिडले. मला खरं म्हणजे दुसरंच विचारायचं होतं. आमच्या परातीत तू पीठ मळलंस का, की ती कोपऱ्यात ठेवून दिलीस आणि चौथ्या दिवशी तांदूळ घालून परत केलीस? हे मला तोंडानं विचारता आलं नाही. नंतर पुष्कळदा विषय काढला, दरवेळी अर्ध्यातच थांबले. तू समजायचीस आणि दुसरंच काहीतरी बोलायचीस.

बाबांना हे मागणं पटलं नाही. ते माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाकर मागायची. गावकीचं काम करायचं आणि वर शिळी भाकर मागून आणायची. ते सोडलं आपण. सोडलं म्हणून तू कॉलेजात गेलीस. आणि आता तू दारात उभी राहून मागणार?" मी ते तुला जसंच्या तसं सांगितलं.  तू म्हणालीस, "बापूस खराच बोलता तुझो. तू मागू नको. मागतंय मी. तू परत दी."

तशी आपली वाटणी झाली. मागणं तुझं, परत देणं माझं. आणि माझ्या वाटणीचं काम मी बिघडवलं. एकदा नाही, दोनदा.

गावडेकाकी तुझ्या समोरच्याच खोलीतली. त्यांचे यजमान मिलमध्ये फिटर. संपात ते भिंतीकडे तोंड करून झोपले ते तीन आठवडे उठेनात. धड बोलत नव्हते, जेवत नव्हते. काकी मेटाकुटीला आलेली. तू काय केलंस, तर आपला स्टोव्ह उचलून त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलास. "पेटणा नाय ओ. बघशात काय जरा?" ते हलले नाहीत. तू स्टोव्ह तिथंच टाकून काकीशी गप्पा मारत बसलीस. अर्ध्या तासानं ते कुशीवर वळले. मग उठून बसले. बर्नर खोलला आणि ओरडले, "लीले, हेच्यात काडी कोणी घातल्यान?"

"माका काय म्हायत? उंदरान घातली असतली."

"उंदीर काड्येपेटी वापरता काय गो?"

काकी हसली, ते हसले, आणि तू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. त्यानंतर ते रोज उठायला लागले. चाळीतले स्टोव्ह, कुलपं, सायकली दुरुस्त करून द्यायला लागले. मी घरी येऊन आईला सांगितलं, मला मोठी झाल्यावर हेच काम करायचंय. आई म्हणाली, या कामाला काही नाव आहे का? मला नाव माहीत नव्हतं. अजून नाही.

त्या घरातून तू एक डबा मागून आणलास. दोन दिवसांनी तो भरून माझ्याकडे दिलास, परत द्यायला. मला पहिल्या लेक्चरला जायचं होतं. सकाळी नळावर बायकांची रांग, त्यात काकी उभी. मी घाईत होते. आणि मला वाटलं, आपण किती चांगलं काम करतोय. मी तिथंच डबा पुढे केला. "काकी, तुमचा डबा. जपून धरा हां, तांदूळ आहेत." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढे म्हणाले, "अजून लागले तर पुन्हा डबा द्या."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गो बाय, आमचे पण डबे रिकामेच आसत!" बायका हसल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांच्याही घरी तेच होतं. पण काकीनं डबा खाली ठेवला, रिकामी कळशी उचलली आणि निघून गेली. संध्याकाळी तो डबा तांदळासकट तुझ्या दारात होता. आठवडाभरात काका गावाला गेले. त्यांचं पत्र आलं नाही. काकीचं दार आपल्याला बंद झालं. आणि सगळ्या चाळीला कळलं की लीला भांडं मागते म्हणजे काय.

तू मला बोलली नाहीस. त्या दिवशी तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. फक्त म्हणालीस, "दिलेला बोलूचा नसता गो." आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा जोडीला घेतलंस.

तांदूळ कुठून येतात, असं मी तुला एकदा विचारलं होतं. "येतत," तू म्हणालीस. मला वाटायचं, युनियनकडून येत असतील, कुणी दुकानदार देत असेल. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकते, मावशी. तुझ्या फळीवरच्या ओळीत दर महिन्याला खाचा पडत होत्या, त्या मला दिसत होत्या. आधी मोठं पिंप गेलं. मग पातेली. मग पराती. मी विचारलं तर म्हणालीस, कल्हईला दिली आहेत. सगळी? एकदम? "सगळी. एकदम दिली की स्वस्तात करता." आणि मी विश्वास ठेवला. कल्हईवाला पटांगणात आला असता तर त्याच्या भात्याचा आवाज मला खोलीत ऐकू आला असता. तो वर्षभर आला नव्हता. कल्हई करायला चाळीत कुणाकडे काय उरलं होतं?

तू बारीक झालीस. गळ्याची हाडं दिसायला लागली. जिना चढताना मध्ये थांबायचीस. एवढं झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की आता तुझ्या घरी जायला हवं. तू दुसऱ्यांकडे जातेस तसं. जोडीला कुणी नव्हतं, म्हणून एकटी आले. आयुष्यात पहिल्यांदा दारात उभी राहून म्हणाले, "मावशी, एक टोप देतेस का? आई मागतेय."

आईनं काही मागितलं नव्हतं. तुला ते पहिल्या शब्दालाच कळलं. ती पद्धत तूच तर काढली होतीस. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग हसून म्हणालीस, "मागूक शिकलंस मगे." स्टोव्हजवळ हा जर्मनचा, ॲल्युमिनियमचा टोप होता, नुकता धुतलेला, ओला. पदरानं पुसलास आणि दिलास. मला इतका आनंद झाला होता. बाबांनी सांगितलेली आजीची टोपली, माझी लाज, सगळं ओलांडून मी मागितलं, आणि मावशी शाबास म्हणाली. मी उड्या मारतच जिना उतरले.

वर फळी सगळी रिकामी होती. नुसता वर्तमानपत्राचा कागद, कडेला कातरून नक्षी केलेला. ते मी बघितलं होतं, मावशी. बघूनही उड्या मारत उतरले.

टोप भरून परत द्यायचा होता. घरात तांदूळ नव्हते, रेशनवर आले नव्हते. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "दोन मुठी आहेत. त्या घालून देऊन ये." मी म्हटलं, दोन मुठींनी टोपाचं बूडसुद्धा झाकणार नाही, लाज वाटेल. मावशीनं आपल्याला परात भरून दिली होती. मला टोप भरूनच द्यायचा होता. आणि रिकामा तर देता येत नव्हता. वर परीक्षा सुरू झाली. पाचव्या दिवशी तू पटांगणात भेटलीस, तेव्हा मी म्हणाले, "मावशी, टोप देते हां, दोन दिवसांत." तू म्हणालीस, "परीक्षा आधी. टोप काय पळता?"

का नाही म्हणालीस की आत्ता आण? मेले, माझ्या टोपाची मला आत्ता गरज आहे, असं एकदा खेकसली असतीस माझ्यावर! मी पहिल्यांदा मागितलं होतं ते फुकट जाईल, याची तुला काळजी? मी इतकी काचेची होते का? मला तुझा राग येतो. मग माझाच येतो. मग दोन्ही कळेनासे होतात.

दहाव्या दिवशी सकाळी तू जिन्यात पडलीस. लोकांनी परळच्या हॉस्पिटलात नेलं. अंगात ताप होता, आणि डॉक्टर म्हणाले रक्तच नाही. संध्याकाळी भेटायच्या वेळेला मी आईनं केलेली पेज डब्यातून घेऊन आले. तू दोन चमचे घेतलेस. पहिलं विचारलंस, "पेपर कसो गेलो?" मी म्हणाले, बरा. मग डब्याकडे बघून म्हणालीस, "डबो रिकामोच नेवचो लागतलो तुका. माझ्याकडे घालूक काय नाय गो."

मला वाटलं तापात बोलतेयस. मी म्हटलं, असं काय बोलतेस मावशी. टोपाबद्दल मी काही बोलले नाही, आणि तूही नाही. दोन दिवसांनी परत आले तेव्हा खाटेवर दुसरीच बाई होती.

तुझा पुतण्या गावाहून आला. खोली आवरायला चाळीतल्या आम्ही चार-पाच जणी गेलो. आवरायला होतं काय! एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह. तो फळीकडे बघत राहिला. "काकीची भांडी खय गेली? खानावळीची भांडी होती."  तो आमच्याकडे बघायला लागला, एकेकीच्या तोंडाकडे. मी खाली मान घातली. एक टोप माझ्या घरी होता, आणि मी तोंड उघडलं नाही. चोर म्हणतील अशी भीती वाटली, असं नाही. टोप आहे म्हटलं असतं तर कधीपासून आहे ते सांगावं लागलं असतं. त्यानं कुलूप घातलं.

जिन्यात गावडेकाकीनं मला हटकलं. नळावरच्या त्या सकाळनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. तिचे डोळे सुजले होते.

"टोप तुझ्याकडे आसा मां?"

मी मान हलवली.

"तरीच." ती कठड्याला धरून उभी राहिली. "तीनदा इल्ली ती माझ्या दारात. एक टोप दी गो, म्हणा होती. माका वाटला, तिचा नेहमीचाच. माझ्या घरात काय कमी आसा बघूक इल्ली. मी आतूनच सांगितलंय, आमका काय कमी नाय, दुसऱ्या घराक जा. तिसऱ्या वेळेक म्हणाली, खरा सांगतंय गो, माका होयो आसा. आणि मी..." काकीनं तोंडावर पदर धरला. "मी हसलंय. म्हटलंय, असाच सांगतंस तू सगळ्यांका."

 नळावर मी तोंड उघडलं नसतं तर काकीला तुझी पद्धत कळली नसती. कळली नसती तर तिनं टोप दिला असता. मी हे तिला सांगायला गेले, तर तिनं मला गप्प केलं. म्हणाली, "दार माझा होता. बंद मी केलंय."

जाताना तिनं आणखी एक सांगितलं, मी न विचारता. "तुमच्या परातीत ती पीठ मळी. चारय दिवस. मी डोळ्यांन बघलंय. तेच्यापायी महिनाभर मी तिच्याकडचा पाणीसुद्धा घेवक नाय."

म्हणजे मळलं होतंस. तुला खरंच पाचवी परात हवी होती. एवढं सांगायला काय झालं होतं तुला? पटांगणाच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं ओरडावं असं वाटलं मला, की मळलं होतं, मळलं होतं! पण ते ऐकायला हवी होतीस ती तूच नव्हतीस.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. मी कॉलेजात जाते. प्राध्यापक बोलतात, मी लिहून घेते. संप अजून मिटलेला नाही, मिटेल असं आता कुणी म्हणतही नाही. बाबा सकाळी उठून तयार होतात आणि गॅलरीत बसतात. ते भिंतीकडे तोंड करून झोपत नाहीत एवढंच. चाळीत आणखी किती फळ्या रिकाम्या झाल्या असतील, मी आता जिने चढता-उतरताना मोजायला लागलेय. पण कुणाच्या दारात जायचा धीर होत नाही. मागायला गेले तर ते देतील. आणि देतील ते त्यांचं शेवटचं असेल तर?

आज दुपारी आई भात टाकायला उठली, तेवढ्यात दारात गावडेकाकी उभी. पटांगण ओलांडून आलेली. आमच्या उंबऱ्याशी ती कधी आली नव्हती.

"एक टोप होयो होतो," ती म्हणाली. कुणाकडेच बघत नव्हती.

मी उठले. मोरीवरचा तुझा टोप उचलून पुढे केला. तिनं हात मागे घेतला.

"तिचो नको. तुमचो दी."

आईनं आमचा टोप फळीवरून काढला आणि सवयीनं राखेकडे वळली. काकी म्हणाली, "घासलेलो आसा मां? मगे तसोच दी." आईनं तसाच दिला.

तिला खरंच हवा होता, की ती आमच्याकडे तुझ्यासारखी आली होती? बाबा गॅलरीत बसतात ते समोरून तिला रोज दिसत असेल. विचारायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं. पण नाही विचारलं. ती पायरी उतरायला लागली तेव्हा मागून म्हणाले, "काकी, भरून आणू नका. रिकामा आणा. पण उद्या सकाळीच आणा."

ती थांबली. वळली नाही. "म्हायत आसा माका," म्हणाली आणि गेली.

आमचा टोप गेला, म्हणून आज भात तुझ्या टोपात शिजला. खाली लागला थोडा. बाबांनी खरवड आपल्या ताटात वाढून घेतली. तुझा टोप इतका पातळ आहे हे मला माहीत नव्हतं, मावशी. एवढ्या पातळ टोपात तू भात न लागू देता कसा शिजवायचीस, ते विचारायचं राहिलं.